गणिताचा तास : फळ्यावरून बाकावर

अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाचा वर्ग. साठ-सत्तर विद्यार्थी, दोन तुकड्या एकत्र बसविल्या असतील तर त्याच्या दुप्पट. फळ्यावर उदाहरण सोडविले जात आहे आणि बाकांवर ते उतरवून घेतले जात आहे. पायरीमागून पायरी, पानामागून पान. तास संपता संपता सर विचारतात, ''समजलं ना?'' पुढच्या दोन बाकांवरून ''हो सर'' असे उत्तर येते, मागचे बाक गप्प असतात. त्या गप्प बसण्याचा अर्थ 'समजले' असा होता की 'विचारायचे धाडस झाले नाही' असा, हे कळते ते थेट सत्राच्या परीक्षेनंतर. 'एम-वन'ला किंवा 'एम-टू'ला केटी लागली, हे वाक्य मग घरोघरी ऐकू येते.

याच विद्यार्थ्यांची दुसरी एक शाळा असते. परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलच्या खोलीत चार-पाच जण एका वहीभोवती बसतात. एक जण समजावतो, दुसरा मध्येच अडवतो, तिसरा ''मग इथे उणे चिन्ह कुठून आलं?'' असे विचारतो आणि समजावणाऱ्यालाच आपली चूक सापडते. वर्गात सहा महिने जे झाले नाही ते या दोन तासांत होते, असे सांगणारे अभियंते आपल्या ओळखीत हमखास सापडतात. हे आदल्या रात्रीचे शिक्षण दिवसाढवळ्या, वर्गात आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली घडवून आणता येईल का? शिक्षणशास्त्रात ज्याला 'सक्रिय अध्ययन' म्हणतात, त्याचा गाभा या प्रश्नात आहे. मोठ्या वर्गांसाठी त्याच्या पद्धती गेल्या तीन-चार दशकांत तपशीलवार विकसित झाल्या आहेत, त्यांची मोजमापेही झाली आहेत.

सक्रिय अध्ययन म्हणजे काय?

या शब्दाभोवती गैरसमज बरेच आहेत. सक्रिय अध्ययन म्हणजे वर्गात खेळ घेणे नव्हे, पडद्यावर चित्रफीत दाखविणे नव्हे आणि 'गट करा आणि प्रकल्प सादर करा' असे सांगून मोकळे होणेही नव्हे. तासाच्या दरम्यान प्रत्येक विद्यार्थ्याला विचार करून स्वतःचे उत्तर ठरवावे लागणे, ते कुणापुढे तरी मांडावे लागणे आणि ते बरोबर की चूक हे त्याच तासात कळणे, या तीन गोष्टी जिथे घडतात तिथे सक्रिय अध्ययन होते. व्याख्यान त्यात असतेच. मात्र ते सलग पन्नास मिनिटे चालत नाही आणि विद्यार्थ्यांना त्याची गरज भासल्यावर येते.

गणिताच्या बाबतीत याची निकड अधिक आहे. गणितात रीत पाठ करून काही अंतर जाता येते. विकलनाचे सूत्र लावता येणारा विद्यार्थी 'विकलन म्हणजे काय?' या प्रश्नावर अडखळू शकतो, आणि सूत्रावर आधारलेल्या परीक्षेत त्याची ही अडखळण दिसतही नाही. वर्तमानपत्राच्या वाचकाला जवळचे उदाहरण घेऊ. 'महागाईचा दर सात टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला' अशी बातमी आली म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या का? मुळीच नाही. शंभर रुपयांची वस्तू आधी १०७ रुपयांची झाली आणि पुढच्या वर्षी ११२ रुपये ३५ पैशांची. किंमत वाढतच राहिली, वाढण्याचा वेग तेवढा मंदावला. किंमत, किमतीच्या वाढीचा वेग आणि त्या वेगात होणारा बदल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. विकलनाची डझनभर सूत्रे पाठ असूनही हा भेद ध्यानात येत नसेल, तर सूत्रे कोरडीच राहिली असे म्हणावे लागेल.

अभियंत्याला तर याची किंमत पुढे प्रत्यक्ष मोजावी लागते. संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरले की उत्तर मिळते, पण त्या उत्तरावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरविण्यासाठी अर्थ कळलेला असावा लागतो.

सुरुवात भौतिकशास्त्रात

या पद्धतींची आजची बांधणी प्रथम भौतिकशास्त्रात झाली. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी १९८५ मध्ये एक अस्वस्थ करणारी बाब पुढे आणली. न्यूटनचे नियम शिकून परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांच्या मनातील बल आणि गतीविषयीच्या मूळच्या चुकीच्या समजुती फारशा बदललेल्या नसतात, असे त्यांना आढळले. त्यातूनच १९९२ मध्ये आकडेमोड टाळून केवळ संकल्पना तपासणारी एक प्रश्नावली तयार झाली.

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एरिक मॅझुर यांनी हे निष्कर्ष वाचले तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांची अशी अवस्था नसणार, अशी त्यांची खात्री होती. त्यांचे विद्यार्थी अवघड उदाहरणे सोडवत आणि त्यांच्या शिकविण्याला चांगले शेरे देत. त्यांनी ही चाचणी घेतली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की या प्रश्नांची उत्तरे तुम्ही शिकविल्याप्रमाणे लिहायची की मी स्वतः जसा विचार करते तशी? या एका प्रश्नाने मॅझुर यांचा भ्रम दूर झाला. एकदा एक मुद्दा दोन-तीनदा समजावूनही वर्गाच्या ध्यानात येईना, तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी बोलून पाहायला सांगितले. वर्गात एकच गलका झाला आणि काही मिनिटांत बहुतेकांना उत्तर उमगले. १९९१ पासून त्यांनी या अनुभवाला शिस्तबद्ध रूप दिले. १९९७ मध्ये त्यांचे या विषयावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. 'पीअर इन्स्ट्रक्शन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीला मराठीत 'सहाध्यायी शिक्षण' म्हणता येईल.

नुकतेच समजलेल्या विद्यार्थ्याला आपण कुठे अडलो होतो हे ताजे आठवत असते. वीस वर्षे तोच विषय शिकविणारा शिक्षक ती अडचण विसरून गेलेला असतो. म्हणून शेजारचा मित्र कधी कधी सरांपेक्षा चांगले समजावतो, अशी मॅझुर यांची मीमांसा आहे. होस्टेलच्या खोलीतील अनुभवाला यातून शास्त्रीय आधार मिळतो.

एका प्रश्नाचा प्रवास

ही पद्धत गणिताच्या वर्गात कशी चालते, हे प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमातील मॅट्रिक्स या घटकाच्या आधारे पाहू. शिक्षक आठ-दहा मिनिटांत एकसामयिक समीकरणे आणि निश्चयक, म्हणजेच डिटरमिनंट, यांचा संबंध सांगतात आणि मग फळ्यावर प्रश्न लिहितात :

तीन चल असलेली तीन रेषीय समीकरणे दिली आहेत. त्यांच्या सहगुणकांचा निश्चयक शून्य आहे. तर पुढीलपैकी काय निश्चित सांगता येईल?

(अ) समीकरणांना उकल नाही.
(ब) समीकरणांना अनंत उकली आहेत.
(क) समीकरणांना एकमेव उकल नाही.
(ड) यापैकी काहीच निश्चित सांगता येत नाही.

पहिला एक-दीड मिनिट कुणी कुणाशी बोलायचे नाही. प्रत्येकाने वहीत आपले उत्तर आणि एका ओळीत कारण लिहायचे. मग शिक्षकांच्या खुणेसरशी सर्वांनी एकाच वेळी अ, ब, क, ड लिहिलेल्या चार रंगी पुठ्ठ्यांपैकी एक छातीशी धरायचा. 'एकाच वेळी' या अटीला महत्त्व आहे. एकेक हात वर होऊ लागले की हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाकडे पाहून बाकीचे हात उठतात.

शिक्षकांना समोर रंगांची सरमिसळ दिसते. त्यांनी या टप्प्यावर उत्तर सांगायचे नाही. बरोबर उत्तरांचे प्रमाण साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर विद्यार्थ्यांना सांगायचे, की आपल्यापेक्षा वेगळे उत्तर असलेला शेजारी गाठा आणि त्याला पटवून द्या. प्रमाण त्याहून खूप कमी असेल तर चर्चेचा उपयोग नाही, कारण कुणापाशीच धागा नाही. अशा वेळी संकल्पना पुन्हा समजावावी लागते. जवळपास सर्वांचेच उत्तर बरोबर असेल तर चर्चेत वेळ न दवडता पुढे जायचे.

दोन-तीन मिनिटांच्या चर्चेत काय घडते? 'अ' म्हणणाऱ्यासमोर 'ब' म्हणणारा दोन चलांचे छोटे उदाहरण मांडतो : क्ष + य = २ आणि २क्ष + २य = ४. निश्चयक शून्य आहे, पण दोन्ही समीकरणे म्हणजे एकच रेषा, त्यामुळे उकली अनंत. त्यावर 'अ' म्हणणारा दुसरे समीकरण २क्ष + २य = ५ असे बदलतो. निश्चयक तोच, शून्य. पण आता रेषा समांतर झाल्या आणि उकल नाहीशी झाली. दोघांचीही उदाहरणे खरी आहेत आणि दोघांचीही उत्तरे अपुरी आहेत, हे त्यांना स्वतःलाच दिसते. निश्चित सांगता येते ते एवढेच, की एकमेव उकल नाही. दुसऱ्यांदा पुठ्ठे वर होतात तेव्हा 'क'चा रंग पसरलेला असतो. आता शिक्षकांनी तीन प्रतलांचे चित्र काढून खुलासा करायचा आणि पुढचा प्रश्न टाकायचा : उजव्या बाजूला सर्व शून्येच असती तर? (तेव्हा मात्र उकली अनंत असतात.)

या शून्य निश्चयकाचा अभियांत्रिकीतील अर्थही इथेच सांगता येतो. एखाद्या सांगाड्याला पुरेसे आधार दिले नसतील तर त्याच्या दृढतेच्या मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य येतो. म्हणजे तो सांगाडा भार पेलण्याऐवजी जागचा हलेल. फळ्यावरच्या शून्याला असा अर्थ मिळाला, की विद्यार्थी सहसा तो विसरत नाही. या साऱ्याला लागणारा वेळ सात-आठ मिनिटे. तासात असे दोन प्रश्न झाले तरी पुरे.

इतर पद्धती

विचार-जोडी-चर्चा : मेरिलँड विद्यापीठातील फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत विद्यार्थी आधी एकट्याने विचार करतो, मग शेजाऱ्याबरोबर उत्तर पक्के करतो आणि शेवटी काही जोड्या ते वर्गापुढे मांडतात. पर्यायी उत्तरे नसलेल्या, दीर्घ उदाहरणांसाठी ही अधिक सोयीची आहे. संकलनाच्या मर्यादा ठरविणे किंवा एखाद्या प्रसंगाचे समीकरण मांडणे अशी कामे जोडीत चांगली होतात.

उलटा वर्ग : व्याख्येचा आणि सोप्या उदाहरणांचा भाग विद्यार्थी घरून वाचून किंवा पाहून येतात आणि वर्गातला वेळ अवघड भागासाठी राखून ठेवला जातो. आपल्याकडे 'एनपीटीईएल' आणि 'स्वयम्' यांवर गणिताची व्याख्याने मोफत उपलब्ध आहेत. मात्र पाहून येण्याची सक्ती नसेल तर कुणी पाहून येत नाही. त्यासाठी तासाच्या आरंभी दोन गुणांचे दोन सोपे प्रश्न ठेवावे लागतात.

चुकीची उकल शोधणे : फळ्यावर पूर्ण सोडविलेले, पण एका पायरीत चुकलेले उदाहरण द्यायचे. चूक शोधायची, ती का घडते ते लिहायचे. उत्तरपत्रिकांतून दरवर्षी दिसणाऱ्या चुका यासाठी आयत्या मिळतात.

ट्युटोरियलची कार्यशाळा : बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात उरी ट्रीझमन यांनी १९७० च्या दशकात कॅल्क्युलसमध्ये मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. ही मुले मेहनती होती, पण अभ्यास एकट्यानेच करीत. यशस्वी होणारे चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकमेकांची उत्तरे तपासत. ट्रीझमन यांनी मागे पडणाऱ्यांसाठी सोप्या उजळणीचे वर्ग न काढता अवघड उदाहरणांवर गटाने काम करण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि निकाल सुधारले. आपल्याकडे अनेक विद्यापीठांच्या वेळापत्रकात गणिताला आठवड्याचे ट्युटोरियल असते आणि ते बहुधा उत्तरे उतरवून टर्मवर्कची वही पूर्ण करण्यातच संपते. याच तासाला वीस जणांची तुकडी चार-चारच्या गटांत बसविली तर वेगळ्या खर्चाची गरज नाही.

संगणकावरील गृहपाठ : शंभर वह्या दर आठवड्याला तपासणे अशक्य असते. ब्रिटनमधील गणितज्ञ ख्रिस सँगविन यांनी २००४ मध्ये सुरू केलेली 'स्टॅक' ही मुक्त प्रणाली प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळे आकडे देते आणि बीजगणितीय स्वरूपातील उत्तरही तपासते. 'मूडल' असलेल्या महाविद्यालयांना ती जोडून घेता येते.

आकडे काय सांगतात?

या पद्धतींचा पुरस्कार केवळ उत्साहापोटी होत नाही. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या चाचण्या एकत्र मांडल्या. सुरुवातीला जे येत नव्हते त्यातील किती भाग सत्राअखेर यायला लागला, हे त्यांनी मोजले. पारंपरिक वर्गांत हे प्रमाण सरासरी ०.२३ होते, सहभागाच्या वर्गांत ०.४८.

अभियांत्रिकीच्या मोठ्या वर्गाचा बहुचर्चित प्रयोग कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला आहे. नोबेल विजेते कार्ल वायमन आणि सहकाऱ्यांनी तो २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकविणाऱ्या २६७ आणि २७१ जणांच्या दोन तुकड्यांपैकी एकीला एक आठवडा अनुभवी, लोकप्रिय प्राध्यापकांनी व्याख्यान पद्धतीने शिकविले. दुसरीला अध्यापनाचा फारसा अनुभव नसलेल्या दोन तरुण संशोधकांनी प्रश्न आणि चर्चेच्या पद्धतीने तोच भाग शिकविला. नंतरच्या चाचणीत पहिल्या तुकडीची सरासरी ४१ टक्के होती, दुसरीची ७४ टक्के. केवळ अंदाजाने उत्तरे दिली तर २३ टक्के मिळतील अशी ती चाचणी होती. प्रयोग एकाच आठवड्याचा होता आणि शिकविणारे स्वतःच संशोधक होते, ही त्याची मर्यादा लक्षात घ्यायला हवी.

त्यापेक्षा व्यापक पुरावा २०१४ मध्ये आला. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापास होण्याचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या वर्गांत २१.८ टक्के आढळले. लाभ लहान वर्गांत अधिक होता, मात्र मोठ्या वर्गांतही तो नाहीसा झाला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच दुसऱ्या विश्लेषणानुसार, वंचित गटांतील विद्यार्थी आणि इतर यांच्यातील परीक्षेच्या गुणांची दरी सक्रिय अध्ययनामुळे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली. ज्या वर्गांत तासाचा बराचसा वेळ या कामाला दिला जात होता, तिथेच हा परिणाम दिसला.

खास गणितातील दाखलेही आहेत. कॉर्नेल विद्यापीठात कॅल्क्युलससाठी विचारप्रवर्तक प्रश्नांचा संग्रह तयार करण्यात आला आणि २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसती मते नोंदविण्याने फरक पडला नाही. प्रश्न सखोल होते आणि सोबत चर्चा होती, तिथे परीक्षेतील कामगिरी सुधारली. फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात ८११ विद्यार्थ्यांची ३२ वर्गांत यादृच्छिक विभागणी करून झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही सक्रिय पद्धतीच्या कॅल्क्युलस वर्गांची बाजू सरस ठरली. मात्र ते वर्ग सरासरी पंचवीस जणांचे होते, आपल्या वर्गांच्या निम्मेही नव्हते.

पवईतील अनुभव

हे सारे परदेशातच शक्य आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संशोधकांनी संगणक प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमाच्या भल्यामोठ्या वर्गात विचार-जोडी-चर्चा पद्धतीचे दहा आठवडे निरीक्षण केले. २०१३ मध्ये मांडलेल्या या अभ्यासात अशा तेरा उपक्रमांच्या वेळी सरासरी ८३ टक्के विद्यार्थी पूर्णतः किंवा बहुतांशी कामात गुंतलेले आढळले. विषय गणित नव्हता हे खरे. पण प्रथम वर्षाचा गर्दीचा वर्ग आणि खिळवून ठेवलेले बाक हे चित्र तेच होते. याच संस्थेत मोबाईलवर वर्गातल्या वर्गात चाचणी घेण्यासाठी 'सेफ' हे ॲपही विकसित झाले आहे.

अर्थात उपकरण हा यातील गौण भाग आहे. मते नोंदविण्याची 'क्लिकर' नावाची यंत्रे आणि साधे पुठ्ठे यांची कॅनडातील एका महाविद्यालयात २००८ मध्ये तुलना झाली. विद्यार्थ्यांच्या शिकण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. यंत्राचा फायदा शिक्षकाला नोंदी मिळण्यापुरता. ज्या महाविद्यालयात वाय-फाय बेभरवशाचे आहे, तिथे पुठ्ठे बेलाशक वापरावेत.

आक्षेप आणि अडचणी

पहिला आक्षेप अभ्यासक्रमाचा. 'इतका वेळ चर्चेत गेला तर पोर्शन कधी पूर्ण होणार?' हा प्रश्न कोणत्याही स्टाफरूममध्ये ऐकू येईल आणि तो खोटा नाही. दोन प्रश्नांचे पंधरा-सोळा मिनिटे म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा. त्याची भरपाई म्हणून एकाच प्रकारची पाच उदाहरणे फळ्यावर सोडविण्याऐवजी दोन सोडवावी लागतात आणि उरलेली गृहपाठाला द्यावी लागतात. पोर्शन शिक्षकाने पूर्ण केला म्हणजे तो विद्यार्थ्यांचाही पूर्ण झाला असे होत नाही, हे निकाल दरवर्षी सांगतातच.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांकडून येतो. 'सर शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात' ही तक्रार नवी नाही. हार्वर्डमधील २०१९ च्या एका अभ्यासात याचे मूळ दिसले. सक्रिय वर्गातील विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले होते, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. ओघवते व्याख्यान ऐकताना सारे समजल्याचा भास होतो. स्वतः धडपडताना मात्र आपले अज्ञान उघडे पडते. म्हणून सत्राच्या पहिल्याच तासाला या पद्धतीचे कारण विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक ठरते. शिक्षकाचे मूल्यमापन केवळ विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर करणाऱ्या व्यवस्थापनांनीही हे ध्यानात ठेवायला हवे.

तिसरी अडचण शिक्षकाची स्वतःची. चांगला प्रश्न तयार करणे हे उदाहरण सोडविण्यापेक्षा अवघड काम आहे. चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या चुकांतून यावे लागतात. आठवड्याला सोळा-अठरा तासांचा भार, शिवाय नॅक आणि एनबीएची कागदपत्रे, यात एकट्या शिक्षकाने हे करणे कठीण. एकाच विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील गणिताच्या शिक्षकांनी प्रश्नांची सामाईक पेढी केली, तर हा भार वाटला जाईल.

आणि शेवटची अडचण परीक्षेची. वर्गात अर्थ विचारला आणि परीक्षेत गाईडमधील ठराविक उदाहरणेच आली, तर विद्यार्थी वर्गाकडे पाठ फिरवतील आणि त्यांची चूकही म्हणता येणार नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये परीक्षा सुधारणांचे धोरण जाहीर करून पाठांतराऐवजी आकलनावर भर देण्याची शिफारस केली. प्रश्नपत्रिकेत निदान एखादा प्रश्न 'का?' विचारणारा असल्याशिवाय ही शिफारस वर्गापर्यंत पोहोचणार नाही.

चौकट : पहिल्या महिन्यात काय करता येईल?

- तासाला एकच संकल्पनात्मक प्रश्न घ्यावा. संपूर्ण तास बदलण्याची घाई करू नये.
- प्रत्येक विद्यार्थ्याकडून चार रंगी पुठ्ठ्यांचा संच करून घ्यावा.
- आधी शांतपणे विचार, मग मत, मग चर्चा हा क्रम मोडू नये. विचाराआधीच चर्चा सुरू झाली तर एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात.
- चर्चेच्या वेळी मंचावर न थांबता बाकांमधून फिरावे आणि मुलांचे युक्तिवाद ऐकावेत.
- चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापू नयेत. उत्तर देण्यालाच थोडे गुण द्यावेत.
- बरोबर उत्तराबरोबरच चुकीचा पर्याय कुणाला का पटला, हेही वर्गात बोलावे.
- महिनाअखेर विद्यार्थ्यांकडून निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात आणि त्यांना प्रतिसाद द्यावा.

चर्चा कोणत्या भाषेत?

महाराष्ट्राच्या संदर्भात या पद्धतीला आणखी एक बाजू आहे. दहावीपर्यंत मराठी किंवा निमइंग्रजी माध्यमात शिकलेला, तालुक्याच्या गावाहून पुण्या-मुंबईत आलेला विद्यार्थी इंग्रजी व्याख्यानाच्या वर्गात सहसा तोंड उघडत नाही. त्याला गणित येत नसते असे नव्हे, पण सत्तर जणांसमोर इंग्रजीत प्रश्न विचारण्याचा संकोच असतो. शेजाऱ्याशी बोलताना मात्र भाषेचे हे बंधन गळून पडते. ''अरे, निश्चयक शून्य आला म्हणजे रेषा समांतर किंवा एकच,'' हे वाक्य तो सहज बोलून जातो. तंत्रशिक्षण परिषदेच्या परवानगीनंतर २०२१-२२ पासून पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये संगणक अभियांत्रिकीचा मराठीतून अभ्यासक्रम सुरू झाला. पण ज्या शेकडो वर्गांत अध्यापन इंग्रजीतच चालते, तिथेही दोन-तीन मिनिटांची चर्चा मराठीत होऊ देण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

मोठा वर्ग ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे आणि ती लवकर बदलेल अशी चिन्हे नाहीत. मात्र सत्तर जणांचा वर्ग म्हणजे पस्तीस जोड्याही आहेत, असा विचार केला तर गर्दी हीच सोय ठरू शकते. मागच्या बाकावरचा विद्यार्थी चुकीचा पुठ्ठा वर धरतो, तेव्हा त्याची अडचण शिक्षकांना जुलैमध्येच दिसते. एरवी ती निकालपत्रात दिसते, आणि तोवर त्या विद्यार्थ्याचे एक सत्र गेलेले असते.